निम्मं पाणी

रविवारी माझी पाळी असते.
उमेओत सकाळचे आठ, अजून उजाडायचं आहे.
बुटांना चिकटलेला बर्फ दाराशी झटकते,
हात कोपरापर्यंत धुते,
आणि सदतीस अंशांचं कपाट उघडते.
आत कुणीच कुडकुडत नाही.

काम सांगायला गेलं तर इतकंच :
प्रत्येक डिशमधलं निम्मं गुलाबी पाणी काढायचं,
निम्मं राहू द्यायचं.
सगळं बदललं तर बिथरतात.
त्या पाण्यात त्यांनी एकमेकींसाठी काहीतरी सोडलेलं असतं,
त्यातल्या सगळ्याला आमच्याकडे अजून नाव नाही.

या चेतापेशी. सहा वर्षांपूर्वी
ही कुणाच्या तरी दंडावरची कातडी होती,
मसुराच्या दाण्याएवढी.
तिला आम्ही विसरायला लावलं :
ऊन, ओरखडे, देवी टोचल्याचा व्रण, वय.
साप नुसती कात टाकतो,
हिनं जन्मच टाकला,
आईच्या पोटातल्या पहिल्या आठवड्यापर्यंत मागे गेली,
आणि तिथून आम्ही तिला बोट धरून
दुसऱ्याच वाटेनं आणलं, पाठीच्या कण्याकडे.

घोटाळा असा, की ती सगळंच विसरली.
त्या माणसाचे हात पंचावन्नाव्या वर्षी गळाले,
आधी किल्ली, मग चमचा, मग मान.
इथे त्याच्या पेशी नवजात, ठणठणीत,
दुखण्याचा मागमूस नाही.
म्हणून आम्ही त्यांना म्हातारं करतो, हातानं.
थोडी उपासमार, थोडं विष,
आणि वाट बघतो, चूक वर येण्याची.
प्रोफेसर ओस्त्रँड याला ‘ताण’ म्हणतात.
मी घरी याविषयी बोलत नाही.

नोव्हेंबरात एक बाई आली. सिल्वी लांतो,
टोर्न नदीकाठच्या गावाहून, सात तास बस,
परवानगीचा कागद चौघडी घालून पाकिटात.
वडील लाकडाचा ट्रक चालवायचे.
जाण्याआधी कातडी देऊन गेले.
“बघायचंय,” म्हणाली.

नियम असा, की मला नावं माहीत नसतात.
एकोणीस माणसं, एकोणीस आकडे,
नावांची वही दुसऱ्या इमारतीत, कुलपात.
हे मी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली,
कोट काढला, आणि बसून राहिली,
बस अजून यायची आहे अशी.

मी सतरा नंबर काढला.
सतराच का, विचारू नका :
वरच्या कप्प्यात होता,
आणि त्या आठवड्यात त्याचं बरं चाललं होतं.

तिनं चष्मा कपाळावर सारला,
सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. बराच वेळ.
“कुत्र्यानं घोळ घातलेलं जाळं,” म्हणाली.
नदीच्या बर्फाला भोक पाडून बाबा जाळं सोडायचे.
एकदा कुत्रं त्यात शिरलं, आणि
सबंध संध्याकाळ गाठी सोडवत बसले,
शिव्या घरच्या भाषेत,
कुत्रं मांडीवर.
“हेच ते. बोटं चालतायत त्यांची.”

त्या डिशमध्ये बोटं नव्हती.
आणि तो सतरा नंबर कदाचित
दक्षिणेकडची एखादी शाळामास्तरीण असेल,
जिनं आयुष्यात मासा गळाला लावला नाही.
मी गप्प राहिले.
खोटं बोलले नाही,
एवढंच वहीत लिहिता येईल.

“दुखतं का त्यांना?”
नाही, म्हटलं. हे तरी मला माहीत होतं.
कोट चढवताना तिनं बाहीवरून हात फिरवला,
दंडाच्या त्याच जागी,
आणि स्वतःची तपासणी केलीय का, हे
ना तिनं सांगितलं, ना मी विचारलं.

आज सतराची अवस्था वाईट आहे.
तंतू फुगून मण्यांसारखे झालेत, मधे मधे तुटलेत.
म्हणजे प्रयोग जमला.
तसं नोंदवलं. तारीख, वेळ, सही.

मग एकपासून एकोणीसपर्यंत
प्रत्येकाचं निम्मं पाणी काढलं,
निम्मं राहू दिलं.
साडेनऊला खिडकीबाहेर
जरा उजाडल्यासारखं झालं.